शालनच्या खोलीला डबल बेल

शालनची अभ्यासाची खोली सोमवारी सकाळी अकरा वाजता सुटली, आणि अगदी वेळेवर सुटली. दार जागच्या जागी राहिलं, दाराअलीकडचं स्वयंपाकघरही राहिलं. टेबल, खुर्ची, लॅपटॉप आणि शालन यांना घेऊन समोरची भिंत तेवढी पुढे निघून गेली.

चूक हणमंतची होती. विट्याच्या डेपोत बत्तीस वर्षं कंडक्टर म्हणून काढलेल्या माणसाने घरात दोरी बांधायलाच नको होती. पण त्याला कोण सांगणार?

लग्न ठरलं तेव्हा शालन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. "पुढं शिकवतो की," असं हणमंत तिच्या वडिलांना बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाला होता, आणि मग चौतीस वर्षं ते सोयीस्कर विसरला. शालनने एकदाही आठवण करून दिली नाही. तेच त्याला निवृत्तीनंतर फार लागलं. म्हणून ऑनलाइन कॉलेजचा फॉर्म त्याने स्वतः भरला आणि विषय तिला विचारून भूगोल लिहिला.

कॉलेजकडून सूचनांचा कागद आला. स्वतंत्र खोली ठेवा, तिला दार असू द्या. रोजची वेळ ठरवा. धडा आधी वाचून बसा. शंका विचारायला लाजू नका. घरच्यांना विश्वासात घ्या. हणमंतने कागद कपाटाला चिकटवला आणि डेपो मॅनेजरचा हुकूम असावा तसा पाळला. धान्याच्या कोठ्या हलवून त्याने खोली मोकळी केली, तांबड्या शाईने वेळापत्रक लिहिलं, आणि शेवटी टेबलाशेजारी एक बेल टांगून तिची दोरी दारावरच्या भोकातून स्वयंपाकघरात आणली.

"एक बेल म्हंजी चहा झालाय. मधी मधी हाक मारून तुझा अभ्यास मोडाय नको."

"मला काय ड्रायव्हर केलाय व्हय?" शालन म्हणाली. पण बेलचा खिळा तिनेच धरून दिला.

दोन बेलचं काही ठरलंच नव्हतं. सोमवारी तिला आत बसवून त्याने हळूच दार लावलं आणि हात आपोआप वर गेला. दार लागलं की डबल. बत्तीस वर्षांची सवय, त्याला कोण काय करणार.

तासाभराने चहा झाला तशी त्याने एक बेल दिली. खोली थांबली. दार उघडून बघतो तर टेबल पार गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीइतकं लांब गेलेलं. कपावर बशी झाकून तो चालत निघाला. पोचेपर्यंत चहावर साय धरली होती.

"लई लांब आलीस गं."

"तुमीच डबल मारली. सर मातुर छान शिकवत्यात."

दुसऱ्या दिवशी त्याने दोरीला हात लावला नाही. तर पडद्यावरचे सर अर्धं तोंड उघडून तसेच बसून राहिले, डबल बेल मिळेपर्यंत पापणीसुद्धा हलवेनात. हणमंतने कॉलेजला फोन लावला.

"मॅडम, आमची खोली पुढं चाललीय."

"इंटरनेट येतंय का?"

"येतंय."

"मग अडचण नाही."

खोली मागे घ्यायची तर, गाडीसारखीच, शिट्टी लागते, आणि शिट्टी त्याने निवृत्तीच्या दिवशी डेपोत जमा केली होती. त्यामुळे रोज अकराला डबल, बाराला सिंगल, असं सुरू झालं. खोली एक टप्पा गेली, दोन गेली, दहा गेली. वर ट्यूबलाइटी एकीमागून एक लागलेल्या होत्या. भिंतीवरचं कॅलेंडर दर टप्प्याला पुन्हा यायचं, तारीख तीच. पहिला महिना शालन संध्याकाळी घरी परतायची. पुढे दोघं निम्म्या वाटेवर भेटू लागले. सतरंजी पसरून ती त्याला त्या दिवसाचा धडा शिकवायची: वारे कुठून सुटतात, आणि वाकडे का वळतात. तो इतक्या शंका विचारायचा की एकदा तिने त्या वहीत उतरवून सरांना विचारल्या. सर तिच्यावर खूश झाले. उभ्या जन्मात आपण तिला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं, हे हणमंतच्या तेव्हा लक्षात आलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

दोरी पुरेना. बाजारातली नायलॉन संपल्यावर त्याने परकराचे नाडे जोडले, मग खाटेची पट्टी, आणि शेवटी, तिला विचारून, लग्नातल्या शालूचा काठ.

परीक्षेचा कागद आला तेव्हा टेबल तीन दिवसांच्या वाटेवर होतं. कागदात लिहिलं होतं, परीक्षेच्या वेळी खोलीत दुसरं कोणी नसावं. तीन तास खोली थांबवू नये. हणमंतने पुन्हा फोन केला.

"परीक्षा झाल्यावर खोली माघारी येती का, मॅडम?"

"ती नोंद आमच्याकडे नसते. निकाल घरच्या पत्त्यावर येतो."

तो थर्मास आणि भाकरी घेऊन तीन दिवस चालत गेला. शालनचे केस कानाशी पांढरे झाले होते आणि चेहरा एकोणीस वर्षांच्या पोरीसारखा घाबरलेला होता.

"मला जमंल का हो?"

"जमंल. समदं वाचून झालंय तुझं."

"भाकरी जाड झाल्यात."

"झाल्यात खऱ्या."

"तुमी दारापाशी असा म्हंजी झालं."

"मी कुठं जातोय."

मग तो तीन दिवस चालत परत आला, कारण खोलीत दुसरं कोणी नको होतं.

परीक्षेच्या सकाळी त्याने ओट्यावर चहा ठेवला, दार लावलं आणि अकराला डबल दिली. दोरी हातातून सरसर जाऊ लागली. नायलॉन आणि नाडे केव्हाच पुढे गेले होते, आता पट्टीही गेली. शालूचा काठ जेमतेम आठ हात उरला असताना पलीकडून एक हिसका आला. एकच.

थांबवा, असं शालन म्हणत होती.

थांबवली तर पेपर तिथंच संपणार होता. नाही थांबवली तर दोरी संपणार होती, आणि मग तिला चहा झाल्याचं कळवायलासुद्धा काही उरणार नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा कुठली बेल द्यावी हे हणमंतला कळेना. घाटात गाडी चढायला लागली की नवा प्रवासी घाबरून दोरी ओढतो, हे त्याने शेकडो वेळा पाहिलं होतं. अशा वेळी तो त्या माणसाशेजारी जाऊन उभा राहायचा आणि डबल द्यायचा. आज शेजारी जाऊन उभं राहता येत नव्हतं.

त्याने काठाचं टोक खिडकीच्या गजाला दुहेरी गाठ मारून बांधलं, ओढून पाहिलं.

"आलो गं," तो बंद दाराला म्हणाला, आणि दोन बेल दिल्या.

काठ ताठ झाला. गज करकरला. मांडणीवरचे पेले एकमेकांना लागले आणि उकळी आलेला चहा भांड्यात एका बाजूला कलला. हणमंतने फडक्याने भांडं धरलं. खिडकीबाहेरचं पेरूचं झाड सावकाश मागे जाऊ लागलं.