आईचा पाट

माळेतली तिसरी घंटा तिने पुन्हा एकदा लाकडी दांडीने वाजवली आणि कपाळाला हात लावला. पाच घंटांची माळ. एकेक घंटा आधीचीपेक्षा एक पायरी वर चढायला हवी. ही तिसरी मात्र वर चढायचं सोडून दुसरीच्याच मांडीवर येऊन बसत होती. कोपऱ्यात अशा साठ माळा पडल्या होत्या, कंपनीने काल परत पाठवलेल्या. संध्याकाळी पाचला त्यांची गाडी येणार होती. तोवर निदान एक माळ सुरात लागली तर बाकीच्यांना आठवड्याची मुदत, नाहीतर ऑर्डर रद्द. आणि ऑर्डर रद्द म्हणजे भट्टी बंद, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"बाबा, ही पण गेली."

ऐरणीपुढे बसलेल्या बाबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

"आण इकडे."

त्यांनी घंटा गुडघ्यांत धरली, छोट्या हातोडीने काठावर दोन ठोके दिले आणि थांबले. हातोडी हवेत तशीच. डावा खांदा किंचित मागे गेला. जरा वेळाने त्यांनी आणखी एक ठोका दिला आणि घंटा परत केली. ती आधीपेक्षा बिघडली होती.

बाबा पूर्वी गुरांच्या गळ्यातल्या घंटा करायचे. माळेची कल्पना तिची. चार वर्षांपूर्वी चांगली नोकरी सोडून तिने हा उद्योग उभा केला, त्यासाठी जिवाचं रान केलं. खोकी तिची, लेबलं तिची, लेबलावरचे 'चार पिढ्यांचा कान' हे शब्दही तिचेच. इतक्या वर्षांत एक माळ परत आली नव्हती. मग दीड महिन्यापूर्वी तापाचं निमित्त होऊन आई गेली, आणि तेव्हापासून एक घंटा धड लागत नव्हती. दुःख आहे, ओसरेल, असं ती स्वतःला समजावत होती. पण दुःख ओसरेपर्यंत थांबायला कंपनीवाले काही सोयरे नव्हते. तिला तर धड रडायलाही सवड मिळाली नव्हती. त्याचा तिला राग यायचा, कधी कंपनीचा, कधी बाबांचा, कधी गेलेल्या आईचासुद्धा.

"दादा, चहा आणू का?" भाता ओढणारे काका बाबांकडे बघत ओरडले. त्यांना सगळे भोंगा म्हणायचे. साधा चहा विचारायचा तरी पलीकडच्या गल्लीला कळावं असा आवाज.

ती उठून अंगणातल्या पायरीवर जाऊन बसली. थोड्या वेळाने भोंगाकाका मागोमाग आले.

"पोरी, आज नको त्यांच्या मागे लागूस."

आवाज इतका हळू, की दुसरंच कुणी बोललं असं तिला वाटलं.

"काका, तुम्हाला हळू बोलता येतं?"

"घरी हळूच बोलतो की. नाहीतर बायको घराबाहेर काढेल."

तिला हसू आलं, आणि तोंडातच राहिलं.

"मग इथे कशाला ओरडता?"

काका पायाने कोळशाचा चुरा सारत राहिले. मान वर करेनात.

ती आत गेली. बाबांच्या मागे उभी राहिली आणि हातातली घंटा वाजवली. बाबा पुढची घंटा पुसत होते, पुसतच राहिले. तिने त्यांच्या मानेपाशी नेऊन सगळ्या ताकदीनिशी वाजवली. दारातल्या काकांनी डोळे मिटून घेतले. बाबांनी फडकं झटकलं, घडी केली आणि मांडीवर ठेवलं.

बाबा नेहमी समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलायचे. त्यांना काही विचारलं की उत्तर आई द्यायची. पण ते काय, प्रत्येक घरात असतंच, असं तिला वाटत आलं होतं. जन्म ऐरणीपाशी गेलेल्या माणसाचे कान कधी गेले, याचा तिला पत्ता नव्हता. आईबाबांनी मिळून ताकास तूर लागू दिली नव्हती.

"किती वर्षं झाली?" तिने दाराकडे बघून विचारलं.

"वीस तरी. वहिनींनी शपथ घातली होती."

"मग घंटा जुळायच्या कशा?"

बाबांनी पुन्हा ठोका दिला, हातोडी हवेत धरली, आणि पुन्हा तो डावा खांदा मागे गेला. तो कशाची तरी वाट बघत होता. तिची नजर लेबलांच्या गठ्ठ्याकडे गेली. त्यांवरचा फोटो तिनेच काढला होता. आई बाबांच्या मागे, पाटावर, नेहमीसारखी बसलेली. "आई, जरा बाजूला हो ना, फोटोत येतेस," ती म्हणाली होती. आई सरकली होती, पुरेशी सरकली नव्हती. उरलेली आई तिने कापून टाकली. तरी बाबांच्या डाव्या खांद्यावर चार बोटं राहिली होती. ती कापली असती तर बाबांचा खांदा गेला असता, म्हणून ठेवली होती.

पाट तिथेच होता, बाबांच्या मागे. दीड महिन्यात त्याला कुणी हात लावला नव्हता.

ती त्यावर बसली. लहानपणी कपड्यांच्या घड्या घालताना आई तिला विचारायची, यातली कुठली घंटा खोटं बोलते, सांग. तिने नेहमी बरोबर सांगितलं होतं. तो खेळ आहे, असं ती समजत होती. तिने हात बाबांच्या डाव्या खांद्यावर ठेवला.

बाबांची पाठ ताठ झाली. ते वळले नाहीत. मग त्यांनी तिसरी घंटा गुडघ्यांत धरली आणि ठोका दिला. सूर अजून खाली होता. अजून एक, म्हणून तिने एक बोट टेकवलं. दुसरा ठोका, तिसरा. तिने तळवा दाबला, आणि ठोके थांबले.

"उशिरा थांबवलंस," बाबा म्हणाले. "तुझी आई हातोडी खाली यायच्या आत थांबवायची."

"पुन्हा करा," ती म्हणाली. ते त्यांना कळणार नव्हतं, हे बोलल्यावर तिच्या ध्यानात आलं. तिने दोन बोटं टेकवली. बाबांनी तीच घंटा पुन्हा धरली.

तिसरी लागायला दुपार सरली. चौथी लवकर आली. पाचवी गुडघ्यांत होती, तेव्हा बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. तिने दचकून दाराकडे पाहिलं, पण खांद्यावरचा हात हलू दिला नाही.

"थांबा जरा," भोंगाकाका अंगणातून ओरडले, पलीकडच्या गल्लीला कळेल असं. "आत दोघं कामाला बसलीत."

बाबांनी हातोडी उचलली आणि हवेत धरली. तिने डोळे मिटले.