घासून लख्ख झालेला पाणवठा

मी एक जुना पाणवठा आहे. जुना म्हणजे ऐतिहासिक नव्हे. अजिंठ्याचा डोंगर जवळ असला, तरी मला पाहायला कुणी तिकीट काढत नाही. जंगलात खोलगट खड्डा खणायचा, त्यात सिमेंट ओतायचं, की माझ्यासारखा पाणवठा तयार होतो. या आकारामुळं वनखात्यातली माणसं मला 'बशी' म्हणतात. पावसाळ्यात मला पाऊस भरतो, उन्हाळ्यात टँकर भरतो. दुष्काळी वर्षी पावसाळासुद्धा टँकरच्याच भरवशावर असतो.

माझं उद्घाटन झालं तेव्हा फीत कापली, नारळ फुटला, आणि भाषणात मला 'वन्यजीवांचा आधारवड' म्हटलं गेलं. वडात आणि बशीत फरक आहे, पण कौतुक चालू असताना मध्ये बोलू नये. फोटोतली ती माणसं पुन्हा काही आली नाहीत. जनावरं मात्र नेमानं येत राहिली. सकाळी मोर, रात्री रानडुकरं, आणि ऊन कलताना एक भेकराची मादी, मागं तिचं पाडस. भेकर म्हणजे हरणाच्या कुळातला लई भित्रा जीव. पान हललं तरी कुत्र्यासारखं भुंकून पळत सुटतो. पाणी मात्र त्याला रोज लागतं. आसपासचे झरे आटल्यापासून तिला माझ्याशिवाय दुसरी जागाच उरली नव्हती.

मित्रांनो, मी सांगतो आहे ते झरे आटले त्याच उन्हाळ्यातलं. शहराला पाणी देणारा हर्सूलचा तलाव आटला होता, शहर वाढायचं मात्र थांबलं नव्हतं. माझ्याकडं येणारा टँकर अधूनमधून चुकू लागला होता. माझ्या तळाशी वीतभर हिरवं पाणी उरलं होतं. दिसायला वाईट, पण होतं.

अशा एका दुपारी शहरातल्या, उस्मानपुऱ्याकडच्या एका शाळेचं निसर्ग मंडळ बसमधून उतरलं. त्यांनी दोन झाडांच्या मध्ये प्लास्टिकचा फलक ताणला. 'उष्ण कटिबंधातील वन्यजीव, संवर्धन आणि शाश्वत जीवनशैली : निवासी अभ्यास सहल.' फलक इतका लांब होता, की त्याला जागा करायला पळसाची एक फांदी तोडावी लागली. संवर्धनाला सुरुवात झाली.

मंडळाच्या प्रमुख कालिंदी मॅडम विज्ञान शिकवायच्या. बाई मनानं चांगल्या. त्यांच्या कार्यक्रमात दुपारी श्रमदान होतं आणि सायंकाळी प्राणीदर्शन. प्राणीदर्शनावर मुलं खूश होती, श्रमदानावर पालक.

माझ्याकडं पाहताच मॅडमच्या कपाळाला आठी पडली.

"बन्सीदादा, हे असलं पाणी पितात जनावरं? केवढं शेवाळ आहे हे!"

बन्सी हा इथला वनमजूर. "पित्यात की मॅडम. अजून कुनी तक्रार नाय केली."

"धुऊन काढू या ना. टँकर आजच येणार म्हणालात?"

"येनार म्हंजे येनारच. दुपार कलली की आलाच." बन्सी एकदम खुलला. साहेबांची पाहणी तोंडावर आली होती, आणि मला घासायचं काम त्याच्याच पाठीवर होतं. "व्हय, काढा धुऊन. पोरं हायेत तवर उरकून घ्या."

या शहराची एक रीत आहे. नळाला कितीतरी दिवसांनी पाणी येतं, आणि ज्या दिवशी येणार असतं त्या दिवशी पिंपातलं उरलेलं पाणी 'शिळं' म्हणून ओतून देतात. पाणी आल्यावर नव्हे, येण्याच्या आधी. पिंप घासून, पालथं घालून, मग नळाकडं बघत बसायचं. मॅडमनी तीच रीत जंगलात आणली. त्यात वाईट हेतू काडीचा नव्हता, म्हणून तर मला जास्त भीती वाटली. वाईट हेतूची माणसं निदान घाईत असतात, ही मंडळी मन लावून काम करत होती.

माझं हिरवं पाणी बादल्यांनी उपसून, ऐन उन्हाळ्यात लावलेल्या नव्या रोपांना घातलं. रोपांना आश्चर्य वाटलं असावं. कुणीतरी भांडी घासायची पावडर काढली.

"मॅडम, साबण नको हां!" लाइबा नावाची सहावीतली मुलगी ओरडली. "पेट में जाएगा उनके!"

"शाब्बास, लाइबा. बन्सीदादांच्या चुलीतली राख घ्या रे सगळ्यांनी."

"ए केयूर, माझ्या अंगावर नको ना उडवू!"

"मग सरक की. एवढी मोठी बशी आहे!"

तेवढ्यात करवंदीच्या जाळीतून भुंकल्याचा आवाज आला. ती आज लवकर आली होती. म्हणजे तहान फार होती.

"कुत्रा आला रे! हाड, हाड!" केयूरनं हात उगारला. जाळी हलली आणि शांत झाली.

"आरं, कुत्रं नव्हं त्ये," बन्सी म्हणाला. "भेकर हाय. पानी प्यायला आलतं."

वन्यजीव पाहायला आलेल्या मंडळानं पहिला वन्यजीव हाकलून दिला होता. मी आतापर्यंत लख्ख झालो होतो. उन्हानं माझ्यावरची ओलसुद्धा उडून गेली.

ऊन कललं. टँकर आला नाही. फोनला टेकडीवरच रेंज मिळते, म्हणून मॅडम आणि बन्सी वर चढले. उतरले तेव्हा मॅडमचा चेहरा माझ्यासारखाच कोरडा पडला होता.

"टँकर आज येणार नाही, मुलांनो. हर्सूलच्या पुढं नव्या सोसायट्या झाल्यात ना, तिथं लोक रस्त्यावर बसले. तिकडं वळवला."

"पण मॅडम, तुम्ही पण तिकडंच राहता ना?" लाइबानं विचारलं.

"हो," मॅडम म्हणाल्या. वर रेंज येताच त्यांच्या फोनवर सोसायटीचा निरोप येऊन पडला होता : टँकर आला, पिंपं घेऊन खाली या. "आमच्याच दारात उभा आहे."

"मग ते भेकर काय पिणार?"

सगळ्यांची नजर बसमधून उतरवून सावलीत मांडलेल्या पाण्याच्या जारकडं गेली.

"त्ये नाय हां," बन्सी घाईनं म्हणाला. "पोरांचं रातचं पानी हाय त्ये. एखादं पोर तहानेनं आडवं पडलं तर मला धरतील."

"आपण रात्री थांबलोच नाही तर?" मॅडम म्हणाल्या.

केयूर रडवेला झाला. "आणि बिबट्या? मी सगळ्या वर्गाला सांगून आलोय!"

"आपण इथं बसलो तर कुणीच येणार नाही, केयूर."

"मग पाणी ओतून बघायचं काय?"

"काहीच नाही. ओतायचं आणि घरी जायचं."

वाटेपुरत्या बाटल्या भरून घेऊन मुलांनी जार माझ्यात उलटे केले. शेवटचा जार केयूरनं ओतला, नाक ओढत. माझ्या मध्यभागी परातीएवढं तळं झालं. बस गेली. धूळ खाली बसेपर्यंत मी जाळीकडं पाहत राहिलो.

ती आली. काठाशी थबकली. माझ्या अंगाला राखेचा आणि माणसांच्या हातांचा वास होता. तिनं मान झटकली आणि मागं सरली. पाडसाला मात्र त्या वासाचा अर्थ अजून कळत नव्हता. ते सरळ आत उतरलं आणि प्यायलं. आई काठावर उभी राहून थरथरत होती. तिनं थेंबाला तोंड लावलं नाही. पाडसाला घेऊन ती निघून गेली.

दुसऱ्या सांजेला ती पुन्हा आली, बराच वेळ उभी राहिली, आणि तळाशी उरलेलं पाणी प्यायली. मधला दिवस तिनं कसा काढला ते मला ठाऊक नाही. मी जागचा हलू शकत नाही.

मित्रांनो, माझा स्वच्छतेवर राग नाही. पुन्हा या, खराटे घेऊन या. पण ताजं पाणी डोळ्यांनी दिसेपर्यंत शिळं ओतू नका. आणि सगळंच घासू नका, थोडं शेवाळ राहू द्या. तुम्हाला ती घाण वाटते. भेकराला त्यावरून कळतं, की इथं प्यायला हरकत नाही.