पाच वाजेपर्यंत

दुपारी बारा ते पाच मी बोलत नाही. नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा हे व्रत धरलं. तो उठला, हिंडूफिरू लागला, तरी मी सोडलं नाही. देवाला दिलेला शब्द काम झालं म्हणून मागे घ्यायचा नसतो.

महिन्यातून एकदा आम्ही तिघी शाळेपासूनच्या मैत्रिणी त्या जुन्या हॉटेलात चार वाजता चहाला जमतो. वर काचेचं छत, टेबलावर चांदीची गाळणी, कोपऱ्यात हलक्या हाताने पियानो, भिंतीशी माणसाएवढं घड्याळ. मी, ग्रंथपाल आणि मेट्रन. ग्रंथपाल म्हणते, "तुझ्यासारखी चार माणसं वाचनालयात आली तर 'शांतता राखा'च्या पाट्या भंगारात घालीन."

माझ्या गप्प राहण्याचा उपयोग मेट्रनने केला. सात महिन्यांपूर्वी, एका शनिवारी, तिच्या वॉर्डाच्या कपाटातली गुंगीची इंजेक्शनं गेलेली आढळली. त्या आठवड्यात मेट्रन मंगळवार सोडून सगळे दिवस बाहेरगावी शिबिराला होती आणि जाताना कपाटाची किल्ली टेबलाच्या खणात टाकून गेली होती. राजीनामा मात्र माझ्या लेकीकडून घेतला गेला. ती त्याच वॉर्डात नर्स होती.

पुढच्याच चहाला केकचा तुकडा मोडत मेट्रन म्हणाली, "वाईट वाटतं गं, पण सगळे तुझ्या पोरीचं नाव घेतात."

घड्याळात साडेचार. मी कप घट्ट धरला. ग्रंथपालने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पावणेपाचला मेट्रन पर्स उचलून निघाली, पाळी बदलायची वेळ झाली म्हणे. नंतर मी बोलू शकले असते, पण आईची साक्ष कोण धरतं?

लेक आता कापडाच्या दुकानात तागे उलगडते. कुठलंही हॉस्पिटल तिला दारात उभं करत नाही.

रोज दिवा लावताना मी मेट्रनसाठीही मागणं मागत होते. देवा, तिच्या जिभेला बळ दे. देवाने ऐकलं. 'नाव घेतात'चं पुढच्या खेपेला 'मला संशय होताच' झालं. समोरचं माणूस गप्प असलं की खोटं अंगाने भरतं. मी साखर पुढे करत राहिले. मला तिच्या तोंडून एकच शब्द हवा होता, 'पाहिलं'.

काल टेबलाला चौथी खुर्ची होती. हॉस्पिटलच्या विश्वस्तांच्या पत्नी. अधीक्षकाची जागा रिकामी झाली होती, म्हणून मेट्रनने त्यांना बोलावलं होतं. त्यांना बघून मी टेबलाखाली हात जोडले.

"शिस्तीच्या बाबतीत मी मैत्रीसुद्धा बघत नाही, ताई," मेट्रन त्यांना सांगत होती. "हिचीच मुलगी. इंजेक्शनं गेली त्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी कपाटात हात घालताना मी स्वतः पाहिलं. दुसऱ्या दिवशी काढली असती, पण शिबिर होतं."

बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी मान हलवली नाही. पावणेपाच झाले तशी मेट्रनने पर्स ओढली. मी वेटरला बोटाने खूण केली, आणखी एक किटली. बाई म्हणाल्या, "वा, मी घेणार." त्या बसल्यावर मेट्रन उठते कशी?

चहा मुरला. ओतला. घड्याळाने पाच ठोके दिले.

"मंगळवारी म्हणालीस ना?" मी विचारलं.

मेट्रनचा चमचा थांबला. "अगं, तुझं व्रत..."

"पाच वाजले." मी बाईंकडे वळले. "ताई, तुमच्या सासूबाईंचं ऑपरेशन कधी झालं?"

"त्याच मंगळवारी. सातलाच आत नेलं होतं. गालावर तीळ असलेली एक सिस्टर दिवसभर वरच्या मजल्यावर त्यांचा हात धरून बसली होती. अजून तिची आठवण काढतात."

"ती माझी लेक. मैत्रिणीशी पाळी बदलून वर गेली होती. तक्त्यात नाव खालच्याच वॉर्डात राहिलं."

"मग बुधवार असेल," मेट्रन म्हणाली. "इतक्या दिवसांनी कोणाच्या लक्षात राहतंय?"

"बुधवारी तू शिबिरात," ग्रंथपाल म्हणाली. "तिथून दिसलं होय? चष्म्याचा नंबर सांग, मलाही तसलाच हवा."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कप बशीत ठेवला. "तुम्ही शिबिरात होता तेव्हा किल्ली कोणाकडे होती?"

मेट्रनने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पंचेचाळीस वर्षांची ओळख. आठवीत माझ्या डब्यातलं खाऊन ती वर्गात असंच तोंड करून बसायची. मी तिच्या कपात चहा ओतला आणि दोन चमचे साखर घालून ढवळूनही दिला.

"मुलीला उद्या दहाला माझ्याकडे पाठवा," बाई मला म्हणाल्या. मेट्रनचा निरोपही न घेता त्या उठल्या.

जिन्याशी मेट्रनने माझा दंड धरला. "मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"तू मला बाजूला घेतलं होतंस?"

तिने हात सोडला.

संध्याकाळी दिवा लावला. तिला क्षमा करायची बुद्धी दे, एवढं मागायला हवं होतं. ते ओठांपर्यंत आलंही होतं. म्हटलं, उद्या मागू. बारानंतर.