चंद्राचं नाक

स्ट्रेचर व्हरांड्यातून आत आलं, तेव्हा सिस्टर लशींच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या लावत होती. स्ट्रेचरवरचा चेहरा तिनं एकदाच बघितला आणि हातातली पिशवी डब्याऐवजी जमिनीवर पडली. तीच होती. शिलाईवाली. ‘त्रास झालाच तर इथे येऊ नका, मोठ्या रुग्णालयात जा,’ असं तिला घोकून घोकून सांगितलं होतं, आणि बाई इथेच आली होती. आली म्हणजे आणली होती. कुठे जायचं हे सांगण्याइतकं त्राण तिच्यात उरलंच नव्हतं.

सोबत तिची थोरली जाऊ होती. “सकाळपासून जातंय हो अंगावरून, थांबतच नाही,” ती दिसेल त्याला सांगत सुटली होती. “मोठ्या रुग्णालयातच नेत होते. पण रिक्षावाला म्हणाला, एवढ्या लांब ही टिकायची नाही. त्यानंच इथे आणून सोडलं.”

शिलाईवालीनं डोळे किलकिले केले. सिस्टर दिसल्यावर तिनं ते पुन्हा मिटून घेतले. ओळखीची एक रेषसुद्धा चेहऱ्यावर उमटू दिली नाही. त्यानं सिस्टरला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

या रुग्णालयाची रीत आधी सांगायला हवी. कायद्यानं इथे गर्भपात करता येतो. तसा फलकही भिंतीवर आहे. त्याच्यावर कुणीतरी कॅलेंडर टांगलं आहे, एवढंच. पण ते काम अंगाला लावून घ्यायला कुणी तयार नाही. डॉक्टर म्हणतात, मनाला पटत नाही. ज्या दिवशी पटेलसं वाटतं, त्या दिवशी त्यांचं गर्भपाताचं यंत्र बिघडलेलं असतं. कुणा सिस्टरची नेमकी पाठ धरते. मावशी म्हणते, मी बाकी सगळं उचलीन, ती बादली उचलणार नाही. आणि एवढं असून तोंडावर ‘नाही’ म्हणायची हिंमत एकाचीही नाही. सगळे म्हणतात, ‘उद्या या.’ उद्याला उद्या जोडत गेलं, की दिवस आपोआप वर जातात. मग मान हलवून ‘आता उशीर झाला हो’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. आपली सिस्टर काही जगावेगळी नव्हती. तिनंही कितीतरी जणींना असंच वाटेला लावलं होतं.

शिलाईवाली मात्र चिवट निघाली. उद्या म्हटलं की खरोखरच उद्या हजर. पदरी तीन मुलं, नवरा कामासाठी परगावी, घरात जाऊ आणि एक शिलाई मशीन. शेवटच्या खेपेला ती पायरीवर बसली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, “ताई, नसेल करायचं तर सरळ नाही म्हणा ना. मग मी माझं काहीतरी बघते. रोज आशेनं येऊन परत जायचं, हे फार वाईट.”

ते ‘काहीतरी’ काय असतं, हे सिस्टरला ठाऊक होतं. तारा, काड्या, कुठल्यातरी झाडाच्या मुळ्या. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला ज्या गोळ्या ठेवलेल्या असतात, त्यातल्या काही तिनं प्रसूतीच्या खोलीतून उचलल्या, पुडीत बांधल्या आणि कुणाला सांगणार नाही असा शब्द घेऊन शिलाईवालीच्या मुठीत कोंबल्या. दिवस फार वर गेले होते, हे तिला कळत होतं. हे आपलं काम नव्हे, डॉक्टरांच्या देखरेखीखालचं आहे, हेही कळत होतं. पण डॉक्टर कुठे होते?

आणि तिथेच एक घोळ झाला. वाचता न येणाऱ्या बायकांसाठी इथे पुडीवर चित्रं काढतात. सूर्य म्हणजे सकाळची गोळी, चंद्र म्हणजे रात्रीची. सूर्य सगळ्यांचा सारखाच असतो, पण चंद्र जिचा तिचा वेगळा. कुणाचा कोयत्यासारखा, कुणाचा कापलेल्या नखासारखा. सिस्टरच्या चंद्राला नाक असायचं. लेक लहान असताना तिला हसवायला असा चंद्र काढायची सवय लागली, ती काही सुटली नाही. बाकीच्या सिस्टर त्यावरून तिला चिडवायच्या. त्या दिवशी पुडी बांधल्यावर हात आपला चालतच राहिला. ही पुडी वेगळी आहे, हिच्यावर काही काढायचं नसतं, हे हाताला कोण सांगणार? पुडी गेल्यावर तिच्या ते ध्यानात आलं आणि त्या दिवसापासून तिला धड झोप नव्हती.

आता ती पुडी कुठे असेल? फेकली असेल? कमरेला खोचलेली असेल? मावशी शिलाईवालीचे कपडे बदलत होती. मावशीचा हात जिथे जिथे जाई, तिथे तिथे सिस्टरची नजर जाई.

तेवढ्यात मोठ्या बाई आल्या.

मोठ्या बाई म्हणजे इथल्या मेट्रन. त्यांच्या कमरेला औषधांच्या कपाटाची किल्ली असते आणि ती त्या झोपेतसुद्धा काढत नसाव्यात. अशी बाई आली, की त्यांचा एक नियम ठरलेला. आधी नाव, मग सलाईन. गोळी कुणी दिली, काडी कुणी घातली, त्याचं नाव सांगितल्याशिवाय किल्ली कमरेवरून हलायची नाही. हा नियम कुठल्या कायद्यात नाही. पूर्वी याच खोलीत एक पोरगी दगावली होती. बाहेरून भलतंच करून आलेली होती, पण नातेवाइकांनी काचा फोडल्या आणि पोलिसांनी मोठ्या बाईंना चौकीत बसवून ठेवलं. ‘तुम्हीच केलंत’ हे वाक्य त्यांनी तिथे इतक्यांदा ऐकलं, की परत आल्या त्या हा नियम घेऊनच. लोक त्यांना दुष्ट म्हणतात. त्या दुष्ट नव्हत्या. घाबरलेल्या होत्या. पण घाबरलेल्या माणसाच्या हातात किल्ली असली, की समोरच्याला त्यातला फरक कसा कळावा?

“कुणी दिलं?” मोठ्या बाईंनी विचारलं.

शिलाईवालीनं मान फिरवली.

“हे बघ बाई, मी तुला रागवत नाही. नाव सांग, लगेच सलाईन लावते. काय घेतलंस आणि कुणाकडून?”

“सांग ना गं!” जाऊ रडकुंडीला आली. “कुणाला पाठीशी घालतेस? तुझी पोरं दारात बसलीत वाट बघत!”

शिलाईवालीचे ओठ हलले. पण ओठांतून आलं ते एवढंच, “पाणी.”

सिस्टरनं तिचं मनगट हातात घेतलं. नाडी सापडेना. सापडली, तर इतकी बारीक आणि पळती, की हरवेल म्हणून तिनं बोट दाबलं. हात गार पडला होता. खालची चादर मघाशीच बदलली होती आणि ती पुन्हा भिजली होती.

“मोठ्या बाई, आधी सलाईन लावू या. नाव मागाहून विचारता येईल.”

“मागाहून कुणी सांगत नाही. एकदा बरं वाटलं की दातखीळ बसते यांची. आणि बरं नाही वाटलं, तर चौकीत कोण जाणार? तू?”

तू. मोठ्या बाई आपल्या बोलण्याच्या ओघात म्हणाल्या होत्या, पण सिस्टरला वाटलं, सगळ्या खोलीनं वळून आपल्याकडे बघितलं.

“डॉक्टरांना बोलावू?”

“निरोप धाडलाय. ते म्हणाले, आधी काय प्रकार आहे ते कळू दे.”

डॉक्टर शेजारच्याच खोलीत होते. दार अर्धवट उघडं होतं आणि त्यांच्या टेबलाखालचे बूट इथून दिसत होते. एक बूट सारखा हलत होता. तेही घाबरले होते. सगळेच घाबरले होते. एक मरायला टेकलेली बाई सोडली, तर त्या खोलीत प्रत्येक जण आपापली कातडी सांभाळत उभा होता.

सिस्टरला आपली लेक दिसली. शाळेतून आली असेल. सासूबाईंनी तिला जेवायला वाढलं असेल. पोलीस घरी आले, तर दार तीच उघडेल. नोकरी जाईल. शेजारी खिडकीतून बघतील. नवरा काय म्हणेल, ते तर तिला मनातसुद्धा ऐकवेना. आपण गप्प राहिलो तर? शिलाईवाली बोलणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं. तिनं शब्द दिला होता आणि ती तो मरेपर्यंत पाळणार होती. आता ‘मरेपर्यंत’ म्हणजे काही फार वेळ नव्हता. संध्याकाळपर्यंत सगळं मिटेल, असं सिस्टरच्या मनात येऊन गेलं. येऊन गेलं खरं, आणि ते आलं हे कळल्यावर तिला स्वतःचीच एवढी भीती वाटली, की पोलीस त्यापुढे काहीच नव्हते.

“मी दिल्या,” ती म्हणाली.

आवाज इतका बारीक निघाला, की मोठ्या बाईंनी “काय?” म्हणून विचारलं.

“गोळ्या मी दिल्या. प्रसूतीच्या खोलीतल्या. आता नाव कळलं ना? किल्ली द्या.”

मावशीच्या हातातलं भांडं खणकन पडलं. जाऊ तोंडाला हात लावून भिंतीला टेकली. मोठ्या बाईंनी किल्ली कमरेवरून ओढली. पण गाठ सुटेना. सिस्टरनं पुढे होऊन ती सोडवली.

नंतरचं सगळं भराभर झालं. दोन्ही हातांना सलाईन लागलं, इंजेक्शन गेलं. सिस्टर शेजारच्या खोलीत शिरली आणि त्या हलणाऱ्या बुटांसमोर उभी राहून म्हणाली, “डॉक्टर, काय प्रकार आहे ते कळलंय. मी केलेला प्रकार आहे. आत राहिलेलं काढायला तुम्हीच लागाल. चला.” ती रडत होती आणि ओरडतही होती. डॉक्टर उठले. यंत्र अजिबात बिघडलेलं नव्हतं. ज्या मावशीनं ती बादली कधी उचलली नव्हती, तिनं ती कुणी सांगायच्या आत उचलली. आणि डॉक्टरांचा हात सफाईनं चालला. म्हणजे त्यांना येत होतं. सगळं येत होतं.

रक्त थांबलं. नाडी हळूहळू बोटाला लागायला लागली. सिस्टर नळाखाली हात धूत राहिली. स्वच्छ झाले तरी धूतच राहिली, कारण नळ बंद केला की बाहेर जावं लागणार होतं.

मोठ्या बाई आत आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. त्यांच्या हातात ती पुडी होती. चुरगळलेली, एका कोपऱ्यावर रक्त लागलेलं. चंद्र अजून स्पष्ट दिसत होता, नाकासकट.

“कपड्यांत होती,” मोठ्या बाई म्हणाल्या. “तू बोलली नसतीस तरी मला हे सापडलंच असतं.”

सिस्टरनं नळ बंद केला.

“पण तोवर ती गेली असती. मग हे मी पोलिसांच्या हातात ठेवलं असतं. अगदी सुखानं ठेवलं असतं.” त्यांनी पुडीचे बारीक तुकडे केले आणि घाणीच्या बादलीत रक्ताच्या कापसाखाली सारले. “चल. तिला शुद्ध आलीय. मला नियमाप्रमाणे विचारायला हवं.”

दोघी खाटेपाशी गेल्या. सिस्टरनं काय सांगितलं, ते शिलाईवालीच्या कानांपर्यंत पोचलंच नव्हतं. मोठ्या बाईंनी विचारलं, “गोळ्या कुणी दिल्या?”

ती कोरड्या ओठांनी पण ठामपणे म्हणाली, “बाजारात एक बाई बसली होती. अनोळखी. पुन्हा दिसली तरी ओळखणार नाही मी.” आणि मोठ्या बाई वळल्यावर तिनं सिस्टरकडे बघून डोळे मिचकावले. घाबरू नका, मी सांभाळलंय, असे. सिस्टरला रडू आवरेना, म्हणून ती चादर नीट करत बसली.

“पेशंट सांगेल तेच लिहायचं असतं,” मोठ्या बाई व्हरांड्यात कोरडेपणानं म्हणाल्या. “पण मावशीनं ऐकलंय, जावेनं ऐकलंय, डॉक्टरांनी ऐकलंय. कुणाचं तोंड कधी उघडेल, मी सांगू शकत नाही. मी तुला वाचवलं, असं समजू नकोस.” दोन पावलं जाऊन त्या थांबल्या. “आणि चंद्राला नाक काढायचं बंद कर.”

सिस्टर बाकाला धरून उभी राहिली. बाकावर एक पोरगेलीशी बाई बसली होती, मांडीवर पिशवी घट्ट धरून. किती वेळ बसली होती, कोण जाणे. ती उठून सिस्टरच्या अगदी जवळ आली आणि कुजबुजली, “त्या तुम्हीच ना? मला कळलं, तुम्ही मदत करता.”

कुणी सांगितलं हिला? आणखी कुणाकुणाला ठाऊक आहे? मोठ्या बाई व्हरांड्याच्या टोकाला पाठमोऱ्या उभ्या होत्या. जाऊ दारातून बघत होती. सिस्टरच्या तोंडून वर्षानुवर्षांची सवय आपसूक बाहेर पडली. “उद्या या.”

पोरगेलीनं मान खाली घातली. तिला या शब्दांचा अर्थ कळत होता. गावातल्या सगळ्याच बायकांना कळत होता. ती पिशवी सावरून निघाली. जिन्यापाशी पोचली.

“अहो,” सिस्टरनं हाक मारली. आवाज मोठ्या बाईंपर्यंत जाईल इतका मोठा निघाला, तो तिला परत घेता येईना. “उद्या नको. आत्ताच चला. माझ्याकडे गोळ्याबिळ्या काही नाहीत. आपण डॉक्टरांच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहू. त्यांना येतं. मी आत्ताच बघितलंय.”

मोठ्या बाई वळल्या. त्यांचा हात किल्लीवर गेला आणि तिथेच राहिला.

पोरगेली परत आली आणि तिनं सिस्टरचा हात धरला. दोघींचेही हात गार होते. डॉक्टरांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि टेबलाखाली बूट पुन्हा हलायला लागला होता. सिस्टरनं दार ढकललं.