सातव्या कुंडीची तहान

मी बावची बोलतेय, सातव्या कुंडीतली! आज बोलल्यावाचून राहवतच नाही. माझी आई मंगळवेढ्याकडे ज्वारीच्या बांधावर वाढली. तिथे आम्हाला तण म्हणून उपटतात. पण सोलापूरच्या एका कॉलेजात संशोधन करणाऱ्या साक्षीने तिचं बी वेचून आणलं आणि माझा थाट सुरू झाला.

आमच्या बियांतलं एक द्रव्य कोडाच्या औषधात वापरतात. झाडाने तहान सोसली तर ते वाढतं का, हे साक्षीला बघायचं होतं. म्हणून बारा कुंड्यांना रोज पाणी आणि आम्हा बाराजणींना दहा दिवसांतून मोजून पेलाभर. शिवाय सगळ्यांवर खत म्हणून जस्ताच्या क्षाराचा फवारा. माझ्यावर तो जरा जास्तच उडाला आणि वाळल्यावर पानांवर पांढरे डाग उमटले.

ते येसूबाईंच्या नजरेत भरले. त्या इथे, कॉलेजच्या गच्चीवरच्या काचघरात, झाडलोट करतात. त्यांच्या दोन्ही हातांवर कोड आहे. एका दुपारी माझी मान पार लवली होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पिशवीतून बाटली काढली आणि अर्धी माझ्या मुळाशी ओतली.

"पी बये. डाग हायत म्हनून कुनी पानी बी पाजू नये व्हय?"

काय सांगू, अंगात जीव आला! पण गडबडीत बाटलीचं टोपण पडलं आणि घरंगळत आमच्या रांगेखाली गेलं.

तिसऱ्या दिवशी ते साक्षीला सापडलं. कुणीतरी पाणी घातलं, पण कुठल्या कुंडीला? माती वरून सगळ्यांचीच कोरडी.

"अख्खी रांग उपटावी लागणार," ती रडवेली झाली. "वर्ष गेलं माझं."

मी आतून ओरडत होते, मीच प्याले, मीच! पण झाडाचं कोण ऐकतं? येसूबाई झाडू धरून दारात उभ्या होत्या. नोकरी कंत्राटी. गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं.

"म्याडम, त्या सातवीला पाजलं मी. बाकीच्यास्नी हात बी लावला न्हाय, शपथ."

साक्षी त्यांच्या हातांकडे बघत राहिली. "मावशी, अहो, यांना तहानेलं ठेवलंय ते कोडाच्याच औषधासाठी!"

"मग आदी सांगायचं की! मला वाटलं, डागाची म्हनून टाकून दिली."

मी प्रयोगातून बाद झाले, पण अकराजणी वाचल्या. मी रांगेतच राहिले, पाणीही त्यांच्याइतकंच. त्या दिवसापासून मावशींचा कडक पहारा. शिपायाने ओला हात झटकला तरी त्या अंगावर जायच्या. माझ्याजवळून मात्र पुन्हा पाजायचा मोह नको म्हणून तोंड फिरवून जायच्या, आणि मला त्यांची फार माया यायची.

आज साक्षी जिना चढून धावतच आली. पहिल्या शेंगांच्या बियांची तपासणी झाली होती.

"मावशी, वाढलंय! कोरड्या रांगेत खरंच जास्त आहे! औषध व्हायला अजून खूप वर्षं लागतील हं. आणि बी घरी चोळू नका, कातडी भाजेल."

"न्हाय चोळत. आता पाजू का ह्यास्नी?"

"पाजा, तहानेचं काम झालं!"

बादली आली. पहिली, दुसरी, तिसरी... मी आतुर झाले होते. सहावीनंतर मावशी सरळ आठवीकडे वळल्या!

"थांब की जरा, लबाडे. तू आदी प्यालीयास."

बारावी झाल्यावर त्या परतल्या आणि उरलेली बादली माझ्या डोक्यावरून ओतली. अहाहा! पानांवरचे डाग धुऊन गेले. मावशींनी पानं निरखली, मग स्वतःचे हात.

"हिचं गेलं बगा, म्याडम. हिचा नंबर शेवटाला लागला, पर लागला. माजा बी लागंल की."

म्हणून विनवते, बांधावर माझ्या बहिणी दिसल्या तर सगळ्याच उपटू नका. मावशींचा नंबर लागायचा आहे.