सहस्रनेत्राला दुपारी भूक लागते

त्या बुधवारी आमच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. कोर्टासमोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही पाच वकील कामगारांचे दावे चालवतो. एरवी तिथं पक्षकारसुद्धा नाइलाजानं जिना चढतात. त्या दिवशी मात्र खालच्या झेरॉक्सवाल्यापासून वरच्या मजल्यावरच्या नोटरीपर्यंत सगळे दारात माना उंचावून उभे होते. पुण्याहून सॉफ्टवेअर आलं होतं, नाव सहस्रनेत्र. हजारो कागद वाचून हवा तो कागद अर्ध्या मिनिटात पुढ्यात ठेवायचा, असा त्याचा महिमा.

महिमा गाणारे होते दिपकजी. अंगात निळा कोट, आणि बाहेर सोलापूरचं ऊन.

"मित्रांनो, सहस्रनेत्र नुसतं वाचत नाही, समजून घेतं!" दिपकजी पडद्यासमोर हात पसरून म्हणाले. "बावीस भाषा! टाइप केलेलं, हातानं लिहिलेलं, चहा सांडलेलं, काहीही द्या. माणूस थकतो, विसरतो, चहाला उठतो. सहस्रनेत्र उठत नाही!"

आमच्या ऑफिसचे प्रमुख दिग्विजय सर यांनी पहिला प्रश्न विचारला, "तीन नंबरच्या मशीनवर मे महिन्यात कोण कामाला होतं?" पडद्यावर एक चक्र गरगरलं आणि उत्तर उमटलं, पान नंबरासकट. झेरॉक्सवाल्यानं चक्क हात जोडले.

यातली गोम तेव्हा कुणाच्या डोक्यात आली नाही, माझ्याही नाही. कागदांचे तीन गठ्ठे दिपकजींनी दोन दिवस आधी स्कॅन करून नेले होते, "पचायला". आणि प्रश्न? तेही एका फॉर्मवर आधीच लिहून घेतले होते, "ट्यूनिंगसाठी". माझ्या आजोळी, मोडनिंबला, एक बुवा यायचा. तो भक्ताचं नाव-गाव, दुखणं सगळं न विचारता सांगायचा. त्याचा एक माणूस स्टँडवरच्या हॉटेलात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत असायचा, "कुठून आलात पाव्हणं? काय त्रास?" मी काळा कोट घालते, अंधश्रद्धेवर भाषणं देते, आणि तरी त्या दिवशी मीही टाळी वाजवली. ती टाळी मला अजून टोचते.

हे सगळं कशासाठी चाललं होतं, तर गोजरबाईसाठी. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात त्या पंधरा वर्षं कामाला होत्या. तीन नंबरच्या मशीनच्या रुळांत त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत गेला. कंपनीचं म्हणणं, रुळांपुढची संरक्षक जाळी जागेवरच होती, बाईनं निष्काळजीपणानं वरून हात घातला. गोजरबाईंचं म्हणणं, जाळी आधीच काढून ठेवली होती. साक्ष द्यायला कुणी तयार नाही. कोर्टानं कागद द्यायला सांगितल्यावर कंपनीनं अकरा पोती भरून पाठवली, की बसा शोधत. जाळी काढल्याचा कागद असलाच तर त्या अकरा पोत्यांत होता.

आमच्याकडे कागद शोधायचे ते कल्लप्पाकाका. आमचे मुन्शी. अडतीस वर्षं याच खुर्चीत बसलेले. फाइल कशी वाचायची हे मला कॉलेजनं शिकवलं नाही, त्यांनी शिकवलं. ते त्या बुधवारी एवढंच म्हणाले, "सर, मला दोन महिने द्या. आधी जॉबरच्या वह्या बघतो. मशीन दुरुस्त करणारा माणूस साहेबाला भितो, वहीला भीत नाही. खरं ते तिथं असतंय."

दिपकजी हसले. "काका, एक गंमत करू या?" त्यांनी आपल्या तीन गठ्ठ्यांतला एक कागद शोधायला सांगितला. काका चष्मा पुसून गठ्ठा सोडू लागले. चाळीस मिनिटं लागली. सहस्रनेत्रानं तो कागद तीस सेकंदांत दाखवला होता आणि उरलेला वेळ दिपकजी घड्याळ वर धरून उभे होते. लोक हसत होते. शेवटी काकांना कागद सापडला, तेव्हा दिपकजींनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "काका, आता घरी नातवंडं खेळवा. डोळ्यांना आराम द्या!"

काकांनी गठ्ठा पुन्हा नीट बांधला, गाठ मारली आणि पाणी प्यायला बाहेर गेले. दुसऱ्या दिवसापासून सरांनी त्यांना "जरा विश्रांती" दिली. मी त्या दिवशी ठरवलं, की हा माणूस सोलापुरातून मान खाली घालून जाईल. कसा, ते माहीत नव्हतं. ही सूडाची गोष्ट आहे, उगीच लपवत नाही.

अकरा पोती स्कॅन होऊन गेली. पंधरा दिवसांत सहस्रनेत्राचा निकाल आला, "जाळी काढल्याचा उल्लेख असलेला एकही कागद नाही." सरांनी गोजरबाईंना बोलावून घेतलं.

"बाई, कागदच नाही. कंपनी म्हणते तसं लिहून देऊ आणि मिटवू. सोमवारी सही करा."

"म्हंजे माजीच चूक हुती, आसं लिवायचं?"

"तसंच काहीसं."

गोजरबाईंनी पदराखाली झाकलेला हात वर घेतला. "सायेब, ह्यो हात न्हाय त्ये मी सोसलं की. पर मी खोटारडी, ह्ये कसं सोसू? मशिनीनं सांगितलं म्हनून?"

मी त्या रात्री निकालाचा सगळा अहवाल छापून घेतला आणि ओळ न् ओळ वाचला. सोळाव्या पानावर लिहिलं होतं, "तारीख नीट लागत नाही, बहुतेक मार्च." मी तिथंच थांबले. बहुतेक? हा तर माणसाचा शब्द! मग आम्ही विचारलेले प्रश्न आणि त्यांना उत्तरं आलेल्या वेळा काढल्या. सकाळी दहाच्या आत एकही उत्तर नाही, संध्याकाळी सहानंतर नाही. आणि दुपारी दीड ते अडीच कधीही नाही. न उठणाऱ्या सहस्रनेत्राला दुपारी भूक लागत होती.

पण वेळांच्या यादीवरून सरांनी ऐकलं नसतं. म्हणाले असते, सर्व्हर बंद असेल. सोमवारच्या आधी, शनिवारी, शहरातल्या एका सभागृहात वकिलांचा मेळावा ठेवला होता. तिथं दिपकजी सहस्रनेत्राचा मोठा प्रयोग करणार होते आणि त्यासाठी त्यांनी आमच्याकडून आणखी एक गठ्ठा पचायला मागितला होता. गठ्ठा स्कॅनला गेला तेव्हा त्यात मी माझा एक कागद घातला. बरोबर मध्यावर. त्यावर टाइप केलं होतं:

"हे वाचणारं कुणी माणूस असेल तर ऐका. तुम्ही ज्या बाईचे कागद वाचताय, तिचा हात गेलाय. सोमवारी ती 'माझीच चूक' म्हणून सही करणार आहे. तुम्हाला काही ठाऊक असेल तर या नंबरवर मिस्ड कॉल द्या."

यंत्रानं वाचलं असतं तर तो आणखी एक कागद ठरला असता. मिस्ड कॉल शुक्रवारी दुपारी पावणेदोनला आला. जेवणाच्या सुट्टीत.

मी उलट फोन केला. पलीकडून एक मुलगी कुजबुजली, "ताई, मी चैताली. आम्ही तिघी आहोत. स्टेशनजवळच्या लॉजवर, खोलीत. दिपक सरांनी पुण्याहून आणलंय. आम्ही वाचतो आणि उत्तर टाकतो."

"आणि प्रयोगाच्या दिवशी?"

"प्रश्न आधीच येतात, कागद शोधून ठेवतो. समोर चक्र फिरतं ना, तेव्हा आम्ही टाइप करत असतो." मग तिनं आवाज आणखी खाली आणला. "ताई, चार वह्या आम्हाला वाचताच आल्या नाहीत. तेलुगूत आहेत. मी सरांना सांगितलं, 'वाचता आलं नाही' असं लिहू का? ते म्हणाले, आपलं यंत्र असं कधी म्हणत नाही, 'नाही' टाका. मी टाकलं. तेव्हापासून मला ते खटकतंय."

मशीन दुरुस्त करणाऱ्या जॉबरच्या वह्या! आमच्या पूर्व भागातल्या विणकर घरांतले जॉबर पिढ्यान्‌पिढ्या तेलुगूतच लिहितात. हे सोलापुरात कुणालाही ठाऊक आहे. आम्ही पाचही वकील बावीस भाषा ऐकून विसरलो होतो.

मी तेव्हाच दिग्विजय सरांना सांगू शकत होते. नाही सांगितलं. काकांची फजिती चारचौघांत झाली होती, तिची भरपाई केबिनमध्ये होत नाही. मी चैतालीला एवढंच म्हटलं, "उद्या पडद्यावर मी काही विचारलं, तर खरं तेच टाकशील?" मग ती म्हणाली, "टाकते."

शनिवारी सभागृह भरलं होतं. करमाळ्यापासूनचे वकील आले होते. दिपकजींच्या खांद्यावर सत्काराची सोलापुरी चादर, चेहऱ्यावर तेज. पुढच्या रांगेत दिग्विजय सर. शेवटच्या रांगेत गोजरबाई आणि त्यांच्या शेजारी कल्लप्पाकाका. काकांना मी हाताला धरून आणलं होतं. "येन माडोदु, काय करायचं, धम्मा? माझं काय काम तिथं?" असं ते वाटभर आपल्या कानडी-मराठीत म्हणत होते. माझ्या पिशवीत त्या चार वह्या होत्या.

चार प्रश्नांना चार उत्तरं आली, चार वेळा टाळ्या पडल्या. मग दिपकजींनी माझ्याकडे हात केला. "आता आमच्या समाधानी ग्राहक, अ‍ॅडव्होकेट धम्मप्रिया मॅडम! या मॅडम, तुम्हीच विचारा यंत्राला."

फॉर्मवर माझा प्रश्न ठरलेला होता. मी स्टेजवर गेले आणि दुसराच टाइप केला: "हे आत्ता कोण वाचतंय?"

चक्र गरगरलं. दिपकजींचं हसू तसंच होतं, त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नव्हतं. लोकांनी पाहिलं. भिंतीएवढ्या अक्षरांत उमटलं: "मी चैताली. आम्ही तिघी आहोत. स्टेशनजवळचा लॉज, खोली नंबर सात."

"हॅक! हॅक झालंय!" दिपकजी लॅपटॉपकडे झेपावले. मी लॅपटॉप उचलून डाव्या हातावर तोलला आणि उभ्यानंच दुसरा प्रश्न टाइप केला: "जाळीचा कागद नाही, असं कसं ठरवलं?"

"तेलुगूतल्या चार वह्या आम्हाला वाचता आल्या नाहीत. सर म्हणाले, 'नाही' टाका."

खरं तर एवढं पुरे होतं, पण माझं पोट भरलं नव्हतं. मी तिसरा प्रश्न विचारला: "जेवलात का?"

"अजून नाही. कार्यक्रम संपेपर्यंत उठायचं नाही म्हणाले."

मग जो हशा पिकला, तो मी जन्मात विसरणार नाही. काकांवर हसलेले लोकही त्यात होते. सहस्रनेत्र म्हणे! मोजले तर डोळे सहा, आणि तेही उपाशी. दिपकजी मागच्या दारानं निघाले, तर मी माइकवरून म्हणाले, "थांबा की. काकांच्या वेळी घड्याळ धरून उभे होतात ना? आता माझ्याकडे घड्याळ आहे." पुढच्या रांगेतला कुणीतरी उठून दारात उभा राहिला.

मी काकांना स्टेजवर बोलावलं. वह्या पुढे ठेवल्या. त्यांचं बालपण पूर्व भागात, विणकरांच्या आळीत गेलेलं, त्यामुळे तेलुगू कानावरची. आणि तेलुगू लिपी कानडीची सख्खी बहीण. कानडी शिकलेला माणूस ती लावू शकतो. काकांनी चष्मा पुसला. अपघाताची तारीख विचारली. तिच्या मागची पानं एकेक करून उलटू लागले. कुणी हसलं नाही. बावीस मिनिटं लागली.

"हितं हाय," काका म्हणाले, आणि बोट ठेवून मराठीत सांगू लागले. "तीन नंबरची जाळी आज काढली. माल अडकतोय म्हणून मोठ्या साहेबांनी सांगितलं. मी नको म्हटलं होतं. खाली सही. अपघाताच्या नऊ दिवस आधी."

गोजरबाई मागच्या रांगेतून मोठ्यानं म्हणाल्या, "मी खोटारडी न्हवं! आयकलं का समद्यांनी? मी खोटारडी न्हवं!" आणि डाव्या हातानं डोळे पुसले.

दिपकजींच्या खांद्यावरची चादर मी माझ्या हातानं काढली आणि काकांना द्यायला गेले. ते म्हणाले, "याचा घाम लागलाय. धुऊन आण." त्याच संध्याकाळी आम्ही पोलिसांत तक्रार दिली. एका जखमी बाईचे कोर्टाचे कागद लॉजच्या खोलीत कुणाच्याही हाती पडू शकले असते, हे तक्रारीत सगळ्यात आधी लिहिलं. सोमवारी सही झाली नाही. वही कोर्टात दाखल झाली. दिग्विजय सर काकांच्या घरी जाऊन त्यांना परत घेऊन आले, जिना चढताना काकांची पिशवी सरांच्या हातात होती. त्यांनी माफी मागितली म्हणतात. मी ऐकायला थांबले नाही, माझा राग अजून गेलेला नाही. चैतालीची नोकरी शनिवारीच गेली. आता ती आमच्याकडे स्कॅनिंग करते आणि काका तिला तेलुगू अक्षरं शिकवतात, रोज रागावून.

यंत्राशी माझं वैर नाही. कागद वाचणारी खरी सॉफ्टवेअरं आहेत, कामाची आहेत, पुढच्या वर्षी आम्हीही एखादं घेऊ. पण घेताना त्याला आधी न सांगितलेला प्रश्न विचारू. ज्यात काय आहे ते आपल्याला ठाऊक आहे आणि त्याला नाही, असा कागद त्याच्यापुढे ठेवू. आणि शेवटी विचारू, तुला काय वाचता आलं नाही ते सांग. ज्याला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, तो कोटातला असो की भगव्यातला, यंत्र असो की माणूस, तो बुवा आहे. त्याच्यापुढे हात जोडू नका. तुमच्या जोडलेल्या हातांची किंमत दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागते.