सकलची वाट

मी चिव्याची काठी बोलतेय. आमच्याकडच्या बारीक, भरीव बांबूला चिवा म्हणतात. सह्याद्रीच्या पायथ्याशी दत्ताराम शेतकऱ्याच्या दाराआड मी उभी असते. त्यानेच मला तोडलं, विस्तवावर शेकून सरळ केलं. तेव्हापासून मी गुरं हाकली, काजूची बोंडं पाडली, साप तर किती हुसकावले. कौतुकाचा शब्द कुणी काढला नाही. काठीचं कसलं कौतुक!

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नागपूरची भक्ती तोंडवलीला समुद्रावर राहायला आली होती. तिला एक दिवस डोंगर चढायचा होता, म्हणून ओळखीतून ती दत्तारामकडे आली.

"ही काठी धर गो बाय. पायांपरास हिच्यार भरवसो ठेव," तो म्हणाला. मी इतकी फुगले म्हणून सांगू!

सकाळी कड्याच्या बाजूने चढलो. माथ्यावर दत्तारामच्या बायकोने, शेवंतीने, बांधून दिलेले घावणे खाल्ले. भक्तीने खाण्याआधी त्यांचेसुद्धा फोटो काढले. उतरतानाही तिचे फोटो संपेनात. दत्ताराम थोडा पुढे गेला आणि अचानक धुकं आलं. वाटेला फाटा फुटतो तिथे आम्ही दोघीच उरलो.

हाक आली, "भक्ती गो, सकलच्या वाटेन ये!"

आमच्या मालवणीत सकल म्हणजे खाली. तिने ऐकलं सकाळ. सकाळची वाट म्हणजे कड्याची! ती बिचारी तिकडेच वळली. मी दगडात अडकून बघितलं, गवतात गुंतून बघितलं. ऐकेल तर शपथ.

ओल्या गवतावर तिचा पाय सटकला. पुढे नुसता कडा. मी दोन खडकांमध्ये घट्ट रुतले आणि तिने मला दोन्ही हातांनी धरलं. माझ्या अंगात कडकन चीर गेली. देवा, अजून थोडं टिकू दे, एवढंच मी म्हणत होते. "काका!" ती ओरडली. दत्ताराम धापा टाकत आला आणि त्याने मनगट धरून तिला ओढून घेतलं.

"अगो, सकाळ नाय गो, सकल! सकल म्हणजे खाली!" म्हणता म्हणता तोच रडायला लागला.

घरी भक्ती शेवंतीला म्हणाली, "काकू, तुमची काठी फुटली माझ्यामुळे."

"फुटांदे गो. तू सुखरूप इलंस ह्या बरा झाला."

मला जरा लागलं, पण पटलं. चुलीत जायची मनाची तयारी केली. पण शेवंतीने चिरेवर करकचून सुंभ गुंडाळला आणि मला परत दाराआड उभं केलं.

आता मला कामं नाहीत. पाहुण्यांना दत्ताराम दुसरी काठी देतो, आणि आधी वयर-सकल, म्हणजे वर-खाली, घोकवून घेतो.

परवा भक्तीचा फोन आला. "काका, लिफ्टमध्ये मी 'सकल जायचंय' म्हटलं, सगळे बघतच राहिले!" घरात हशा पिकला. मग तिने हळूच विचारलं, "काठी आहे ना?"

"आसा गो. दाराआड उभी आसा."

आजवर माझी चौकशी कुणी केली नव्हती. भक्ती, सुखी राहा. तुझा भार मला पेलता आला, यापेक्षा मला आणखी काय हवं?